गालात उगवलेले केस

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या, लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते, आणि मंचावर एक माणूस आ करून उभा होता. लेपवाल्याने त्याच्या तोंडात टॉर्च धरला होता.

"बघा! नीट बघा! कॅन्सरने याचा गाल आतून खाल्ला होता. माझ्या लेपाने नवं मांस आणलं. आणि मांस कसलं? जिवंत! इतकं जिवंत, की त्यावर केस उगवले! डॉक्टरच्या बापाला तरी जमेल का हे?"

लोक रांगेने पुढे जात होते, डोकावत होते आणि तोंडात बोटं घालून परत येत होते. गालाच्या आत खरंच केस होते. माझा दादाही डोकावून आला. तीस वर्षं लोकांचे केस कापणारा माणूस, पण परत आला तेव्हा डोळे भरलेले.

"अगं, मी वाचतो बघ आता," तो म्हणाला.

दादाच्या उजव्या गालात आतून कॅन्सरची गाठ होती. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. आणि मी कोण? त्याच हॉस्पिटलात, असल्याच ऑपरेशनांच्या वॉर्डातली सिस्टर. बावीस वर्षं झाली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

मला हसावं की रडावं तेच कळेना. तोंडातले केस मी काही पहिल्यांदा बघत नव्हते. कॅन्सरचा गाल कापून काढला की भोक बुजवायला मनगटाच्या वरची कातडी घेतात, तिच्या रक्तवाहिन्यांसकट. ती गालात शिवतात आणि त्या बारीक नळ्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. मग आम्ही तासातासाला बघतो, तुकडा गुलाबी आहे का, कोमट आहे का. रक्त फिरत राहिलं तर तो जगतो आणि माणसाला गाल मिळतो. पण कातडी हाताची ना! तिला काय ठाऊक आपण तोंडात आलोय ते? ती आपले केस उगवत बसते.

मी उठले आणि ओरडले, "अहो, यांच्या बाह्या वर करा! एका हातावर चौकोनी खळगा असणार. कातडी तिथली आहे, ऑपरेशन झालंय यांचं!"

त्या माणसाने मान खाली घातली. लेपवाल्याने मात्र स्वतःच त्याची डावी बाही सरकवली. होता खळगा, तळहाताएवढा, आणि त्यावर मांडीच्या कातडीचं ठिगळ.

"बाई हुशार आहेत हं!" लेपवाला हसला. "आता ऐका. रोग गालातून सुटला, तो जाणार कुठून? मानेतून उतरला आणि हातातून फुटून बाहेर पडला! ही त्याची वाट! बाईंनीच दाखवली!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. माझाच पुरावा त्याने माझ्या डोळ्यांदेखत गिळला. कोणीतरी माझा पदर ओढला. वहिनी होती.

"वन्सं, बसा ना खाली. शोभा होतेय."

घरी आल्यावर मी दादाच्या हातापाया पडले. तो म्हणाला, "दिवसभर आरशासमोर उभा असतो मी. तोंड वाकडं झालं तर गिऱ्हाईक खुर्चीत बसेल का?"

"अरे, जीव राहिला तर गिऱ्हाईक!"

"तीन महिने दे मला, फक्त तीन. सिस्टर असशील हॉस्पिटलात. घरात धाकटी आहेस."

मंगळवारी त्याच्या खाटेवर दुसरा पेशंट आला. चादर मीच घातली.

लेपाने गाल भाजून निघायचा. लेपवाला म्हणायचा, जळजळ म्हणजे रोगाचा आक्रोश! माझ्या मते आक्रोश गालाचा होता, पण मला विचारतं कोण? दर रविवारी मी दादाला तोंड उघडायला लावायची. आधी तीन बोटं मावत होती, मग दोन, मग एक. मी नुसती मोजत राहिले. हातात दुसरं काही नव्हतंच.

तीन महिने भरत आले तेव्हा मंचावरचा तो माणूस दाढीला दादाच्या दुकानात आला. दादाने त्याची हनुवटी वर केली आणि वस्तरा थांबला. जबड्याखाली कानापासून हनुवटीपर्यंत लांब व्रण होता, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"तोंड उघडा बरं," दादा म्हणाला. दुकानातल्या दिव्याखाली त्याने ते केस पुन्हा पाहिले. बारीक, मऊ, एका अंगाला झुकलेले. मनगटावर असतात तसे.

"ऑपरेशन झालं होतं ना?"

"अकरा तास," तो माणूस म्हणाला. "लेप एकदाही लावला नाही मी."

"मग मंचावर कशाला उभा राहतोस रे?"

"बाहेर माझं तोंड बघून लोक मान फिरवतात. तिथे रांग लावून बघतात."

दादाने त्याची दाढी पूर्ण केली. मग दुकान बंद करून सरळ माझ्या वॉर्डात आला. "तीस वर्षं केस ओळखतोय," तो म्हणाला, "आणि नेमके हेच ओळखले नाहीत."

डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. गाठ वर कवटीच्या बुडापर्यंत पोचली होती. दादाने हात टेबलावर ठेवला. "घ्या ना कातडी. लागेल तेवढी घ्या."

"कातडी आहे हो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पण आधी गाठ सगळी निघायला हवी. ती आता निघत नाही."

हल्ली वहिनी दादाच्या नाकातल्या नळीतून दूध घालते. परवा घालता घालता मला म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी तुम्ही अजून जोरात का नाही हो ओरडलात?" काय सांगणार? होता नव्हता तेवढा आवाज मी तेव्हाच लावला होता.

म्हणून लिहितेय. चमत्काराचा साक्षीदार समोर आला की त्याच्या आजाराचे जुने कागद मागा. तोंडातली जखम किंवा चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, तर डॉक्टरला दाखवा. चेहरा बदलेल म्हणून भीती वाटेल, वाटू दे. भीत भीत या, पण या. या रोगाला तीन महिने फार होतात.