सुताखालचं माप

मिस्त्रींनी मुलीशी बोलणं टाकलं त्याला चार वर्षं झाली होती. गुन्हा काय, तर भर गिऱ्हाइकासमोर तिनं त्यांचं माप चुकलंय म्हणून सांगितलं. आणि माप खरंच चुकलं होतं, तेच जास्त झोंबलं! पुढे ती गणिताची प्राध्यापक झाली, पण बापलेकीचं सूत काही जुळेना ते जुळेनाच.

यंदा ती आठवडाभर घरी आली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं सहज विचारलं, एक फुटाची पट्टी, मग अर्ध्या फुटाची, मग फुटाच्या तिसऱ्या हिश्श्याची, चौथ्या हिश्श्याची, अशा एकापुढे एक मांडत गेलं तर एकूण लांबी किती भरेल? ताटातून मान वर न करता मिस्त्री म्हणाले, सूत्र काढून देतो. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लेकीनं आपल्याला काहीतरी विचारलं होतं.

चार दिवस करवत चालली. शहाण्णवावा तुकडा बरोब्बर एक सूत भरला, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सुताखाली सुतार मोजत नाही. झालं की! तिच्या निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी सहा फुटी टेबलावर सगळी रांग मांडली आणि तिला बोलावून आकडा सांगितला. पाच फूट, एक इंच, सहा सूत. सूत्र असं, की तुकडा सुतावर आला की थांबायचं.

ती नुसती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. हा गप्पपणा मिस्त्रींना कळला. पोरगी आपल्याला घाबरते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलंय ना? सांग."

तिनं तिसरा आणि चौथा तुकडा एकत्र केला. अर्ध्या फुटाहून जास्त. पुढचे चार, पुढचे आठ, पुढचे सोळा, दर वेळी तेच. मिस्त्रींनी प्रत्येक जुडग्याला स्वतः टेप लावला, उगाच विश्वास कशाला ठेवायचा! तुकडे बारीक होत जातात खरे, पण दर जुडग्यात दुप्पट तुकडे घेतले की अर्धा फूट कुठे जात नाही. म्हणजे टेबल संपेल, खोली संपेल, रस्तासुद्धा संपेल, ही रांग काही संपायची नाही.

"मग अमुक तुकड्यांपर्यंत किती भरेल, याचं तुझं सूत्र काय?"

"अंदाजाचं आहे, बाबा. सुटसुटीत आणि नेमकं असं नाहीच. कुणाकडेच नाही."

मिस्त्री मनापासून हसले. चार वर्षं त्यांना वाटत होतं, पोरीकडे सगळं आहे, आपलीच काय ती गरज उरली नाही.

मग सत्त्याण्णवाव्या तुकड्यासाठी त्यांनी नवी पट्टी ओढून रेघ मारली. ती वाकून पाहू लागली, पण बोलली नाही.

"बोल की."

"केसभर जास्त झालंय."

मिस्त्रींनी रेघ खोडली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.