पेटीवर बसलेली वीज

"आता मी जे सांगतो ते तुमाले पटणार नाही. पटलं तर माही मिशी उतरवून देतो," टेकचंद ओसरीच्या खांबाला टेकून म्हणाला. समोर बसलेल्या चार बायांनी आधीच पदर तोंडाला लावले. आसगावात टेकचंदची गोष्ट ऐकायची तर सुरुवातीलाच हसून घ्यायची रीत होती. नंतर दम घ्यायला सवड मिळत नसे. तळ्यातला मरळ मासा पाळीवर बसून बिडी ओढताना पाहिलेला सबंध तालुक्यात हा एकटाच माणूस.

आज मात्र गोष्ट सांगताना तो मागं वळून पाहायचं टाळत होता.

त्याच्या पाठीमागच्या खोलीत पेटी होती. अंडी उबवायची, विजेवर चालणारी. सून रीतानं बचत गटातून आणलेली. आत चौऱ्याण्णव अंडी, गावातल्या अकरा घरांची. कोणाचं अंडं कोणतं ते कळावं म्हणून प्रत्येकीनं पेन्सिलीनं खूण केली होती. लिहिता येत होतं तिनं नाव घातलं. मनकर्णाबाईनं आपल्या नऊ अंड्यांवर एकेक वांगं काढलं. आज विसावा दिवस. काल सांजेला आतून चिवचिव ऐकू आली होती, आणि तीच ऐकायला बाया आज चालत आल्या होत्या.

वीज आणि पेटी यांचं वाकडं आहे हे रीता जाणून होती. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून तिनं अर्थिंगची तार पुरली होती आणि रोज सकाळी त्यावर लोटाभर पाणी ओतायची. "आमची सून ताराले पाणी पाजते, चारा तेवढा राहिला," असं टेकचंदनं गावभर करून ठेवलं होतं. आज आठच्या बसनं ती पिल्लांचं खाद्य आणायला पवनीला गेली, तेव्हा उंबऱ्यातून दोनदा वळून म्हणाली होती, "मामाजी, गडगडलं का पिन काढा, पेटीवर गोधडी टाका. लाइन आली का लगेच लावू नका. ओसरीतल्या बल्बाकडे पाहा. त्याचा उजेड रोजच्यासारखा झाला, का मग लावा. जास्त लाइन आली तर पेटी जळते."

"हाव ना बाई. मी का लहान आहो?"

नऊला गडगडलं. त्यानं पिन काढली, गोधडी टाकली, वर आपलं धोतरही टाकलं. लाइन गेली. दोन तास तो पेटीशी बसून राहिला, जसा काही तोच अंड्यांवर बसला आहे. अकराला बल्ब लागला.

आणि काय लागला! आसगावात त्या बल्बाचा उजेड म्हणजे पिकलेल्या पपईच्या फोडीसारखा. त्यात तांदळातला खडा दिसत नाही. आज तो दुधासारखा पांढराफेक पेटला. टेकचंदचं काळीज सुपाएवढं झालं. एवढी भरपूर लाइन जन्मात आली नव्हती! पिल्लं गारठली असतील, त्यांना आता पोटभर ऊब मिळेल, म्हणून त्यानं घाईनं पिन खुपसली.

फट् झालं. जळक्या रबराचा वास आला. मग बल्बही गेला.

त्यानंतरचे चार तास टेकचंदनं कोणाला सांगितले नाहीत. वायरमन नत्थूच्या दाराला कुलूप होतं. रीताला फोन लावायला तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला. अंडी गोधडीत घेऊन तो त्यांच्याशेजारी आडवा झाला, छातीशी धरली. पण म्हाताऱ्या माणसाच्या अंगात चौऱ्याण्णव जिवांपुरती ऊब कुठून असणार? चिवचिव आधी विरळ झाली. मग नुसतीच वाट पाहणं राहिलं.

तीनला पुन्हा ढग गडगडले, एक वीज तळ्यापलीकडे कुठेशी कडाडली, आणि टेकचंदला वाटलं, देवानं तोंड लपवायला जागा दिली. त्यानं भराभर अंडी पेटीत परत मांडली. तेवढ्यात बाया आल्या.

"तर सांगून राहिलो," तो म्हणाला, "तुमी येऊन राहिल्या ना, त्याच्या घडीभर आधी. धुराड्यातून वीज आली आत. फुटबॉलाएवढी. निळी. आली न चुलीपाशी थांबली."

"चहा मांगतला का तिनं?" शालूनं विचारलं. बाया खदखदल्या.

"पाणी मांगतलं. मी म्हनलं, बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यात भरपूर आहे, पी. तर म्हणते कशी, तिथं मिठाचं आहे, खारट लागते! मग फिरली घरभर. माह्या खाटेखालून गेली. मी पाय वर घेतले. अन शेवटी बसली जाऊन पेटीवर, जशी कोंबडीच. मी हात जोडले: बाई, लेकुरवाळ्या बायांची अंडी आहेत, सोड. नाई सोडलं. फट् केलं न गेली."

हसणं थांबलं.

"म्हणजे पेटी गेली जी?" आनंदाबाईनं विचारलं.

"आत्ताच. तुमी फाटकात अन ती धुराड्यात. इंजिनेर असता तरी काय करता? विजेपुढं कोणाचं चालते?" टेकचंद मध्येच खोकला. "रीताले बी असंच सांगाल. पोरीचा दोष नाई. माहाही नाई."

मनकर्णाबाई केव्हाच उठून आत गेली होती. तिनं पेटीचं झाकण उघडलं, वांगं काढलेलं एक अंडं उचललं, कानाशी धरलं. मग डोळा मिटून पापणीवर टेकवलं, जुन्या बाया ऊब पाहायला टेकवतात तसं. दुसरं टेकवलं. तिसरं.

ती ओसरीत आली तेव्हा अंडं अजून तिच्या मुठीत होतं. टेकचंद मिशीवरून हात फिरवत होता.

"टेकचंदभाऊ," ती म्हणाली, "घडीभरात अंडं एवढं थंड होत नाई. हे सकाळपासून थंड आहे. माह्या घरी अंडी उबवायला टपलेल्या दोन खुडूक कोंबड्या सकाळपासून रिकाम्या टोपलीत बसून आहेत. काहून सांगितलं नाई?"