यमुनेतून परतलेलं कासव

दिल्लीत द्वारकेतल्या एका सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. चपलांचा ढीग पार लिफ्टपर्यंत गेला होता. पुढच्या रांगांत मणके, मधुमेह, मूतखडे. मागच्या रांगांत कुठल्याही तपासणीत न सापडणारे रोग: नजर, साडेसाती आणि जावेचा तळतळाट.

"आ गया! आ गया!" दारापाशी कुणीतरी किंचाळलं. गर्दी दुभंगली. लाल पायघडीवरून एक कासव येत होतं. काळ्या पाठीवर पिवळ्याधमक चांदण्या, चाल सरकारी फायलीची.

कूर्मनाथ महाराजांनी ते उचलून उलटं धरलं. पोटावर लाल अक्षरांत नाव होतं: श्यामकांत.

"ग्यारह दिन!" महाराज गरजले. "भक्त का रोग यमुना मैया में बहाकर, सेक्टर-सेक्टर पूछता हुआ लौट आया! बोलो कूर्म भगवान की..."

"जय!"

ज्या द्वारकेत कुरिअरवाला तीन वेळा फोन केल्याशिवाय दार गाठत नाही, तिथे कासव पत्ता विचारत आलं, आणि तीनशे शिकलीसवरली माणसं हात जोडून उभी होती. तिसऱ्या रांगेत चार महिन्यांचं बाळ खांद्यावर थोपटत उभ्या असलेल्या निधीने आपल्या सासऱ्यांकडे पाहिलं. श्यामकांतांचे डोळे भरून आले होते.

श्यामकांत केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, मुक्काम आर. के. पुरम. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद, त्यातली मुख्य नव्वद टक्के. बायपासची तारीख मंगळवारची. ती चुकली, तर पुढची चार महिन्यांनी. आणि तेवढे महिने हाताशी आहेत असं म्हणायला डॉक्टर तयार नव्हते. सासरे ऑपरेशनला घाबरले होते. माणूस घाबरला की त्याला कुणीतरी मुदतवाढ देणारा हवाच असतो.

महाराजांनी ती दिली होती. कासव तीन दिवस रोग्याच्या पलंगाखाली ठेवायचं, मग यमुनेत सोडायचं. अकराव्या दिवशी ते परत आलं की रोगाचा एक हिस्सा गेला. असे तीन फेरे. तोवर अंगाला शस्त्र लावायचं नाही.

"अहो आई, हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे," निधीने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. "आणि मी काम करते ते यांच्यावरच!"

निधी खरोखरच त्यांच्यावर काम करत होती. तस्करांकडून पकडलेल्या कासवांच्या रक्ताच्या थेंबावरून ती मूळची कुठली, राजस्थानकडची की दक्षिणेतली, हे तिची प्रयोगशाळा शोधायची. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि बाळ झोपेल तेवढ्या वेळात जमेल तसं टिपणं काढत होती.

"तुझी प्रयोगशाळा राहू दे गं," सासूबाई, हेमलताबाई, म्हणाल्या होत्या. "आपल्याकडे देवळात शिरताना आधी कासवाला नमस्कार असतो. उगाच का?"

"तो दगडाचा असतो, आई. त्याला भूक लागत नाही."

"झालं! सगळ्याला तुझं एक उत्तर तयार. प्रतीक टूरवरून येऊ दे, बोलते माझ्या लेकाशी."

निधीने कासवाला काकडी घातली, सवयीने पाठीचे आणि पोटाचे फोटो काढले. तक्रार मात्र केली नाही. सासरे नोकरीत, रिटायरमेंटला वर्ष उरलेलं. घरात वन्यजीव सापडला तर? दोन दिवस ती हेच उलटंसुलटं करत राहिली. तिसऱ्या दिवशी बाळाला लस टोचून परतली, तर पलंगाखालची जागा रिकामी होती.

"सोडून आलो गं यमुनेत," हेमलताबाई हसून म्हणाल्या. "ह्या माझ्या हातांनी. कसं पटकन खाली गेलं, घरीच गेल्यासारखं!"

निधी मोरीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन वन्यजीव खात्याला तक्रार लिहिली, स्वतःच्या घराच्या पत्त्यासकट.

म्हणून आज गर्दीत खात्याचे दोघे साध्या कपड्यांत उभे होते. ते आल्या आल्या धाड घालणार होते. निधीने पाच मिनिटं मागून घेतली होती. नुसते महाराज पकडले गेले असते, तर सासऱ्यांच्या लेखी ते हुतात्मा झाले असते आणि मंगळवार हातचा गेला असता.

"महाराज, हमें भी दर्शन," म्हणत ती पुढे झाली. बाळवाली बाई बघून लोकांनी वाट दिली. तिने बाळ सासूबाईंकडे दिलं आणि कासव हातात घेतलं. अंगठ्याला लाल रंग लागला. तिने वास घेतला आणि तोच अंगठा सासूबाईंच्या नाकाशी नेला.

"नेलपॉलिश!" हेमलताबाई नकळत म्हणाल्या.

"अकरा दिवस यमुनेत राहून अजून वाळलं नाही?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. महाराज मात्र मुरलेले. "बेटी, भगवान का सिंदूर कभी सूखता नहीं।"

"अच्छा? मग हे बघा." निधीने फोन उघडून पुढच्या रांगेत फिरवला. "आमच्या घरी होतं त्याचं पोट. सपाट. ती मादी होती. आता ह्याच्या पोटावर हात फिरवा. वाटीसारखं आत गेलंय ना? हा नर आहे. मादीच्या गोल पाठीवर बसता यावं म्हणून निसर्गानेच खळगा दिलाय. यमुनेत गेल्या त्या बाई, आणि आले हे बुवा?"

आता हॉलभर हसू पसरलं. "माया!" महाराज ओरडले. "प्रभु के यहाँ नर-मादा का भेद नहीं!"

"बरं, चांदण्या मोजू. आमच्या कासवाच्या मानेमागच्या पहिल्या फुगवट्यावर अकरा रेघा होत्या. ह्याच्यावर आठ. मैया ने तीन किरणें रख लीं?" तिचा आवाज चढला. "आपल्याला सगळी कासवं सारखीच दिसतात, त्यावर यांचा धंदा चालतो. आईबाप एक असले तरी दोन कासवांच्या पाठी सारख्या नसतात. ह्या बाळाऐवजी दुसरं बाळ माझ्या हातात ठेवलंत, तर मी त्याला माझं म्हणेन का?"

श्यामकांत उठून जवळ आले. चष्मा पुसून त्यांनी फोटो पाहिला, कासव पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. नोंदी पडताळण्यात तीस वर्षं गेलेला माणूस.

"मग आपलं कुठे गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

निधीने उत्तरादाखल कासवाचा पाय पुढे धरला. आखूड, खरबरीत, हत्तीच्या पायासारखा. बोटांना पडदे नाहीत, वल्ह्याचा आकार नाही.

"हे माळरानावरचं कासव आहे, बाबा. याला पोहता येत नाही."

हॉलमधल्या कितीतरी जणांनी आपापल्या हातांनी कासव सोडलं होतं. हेमलताबाईंनी बाळ छातीशी घट्ट धरलं. ‘घरीच गेल्यासारखं’ म्हटलेलं त्यांना आठवलं. मग त्यांनी बाळ श्यामकांतांच्या हाती दिलं आणि हे दुसरं आलं कुठून ते बघायला त्या तडक स्टेजमागच्या खोलीकडे निघाल्या.

"माताजी, वहाँ स्त्रियाँ नहीं जातीं! साधना-कक्ष है!" शिष्य आडवा आला.

"बाजूला हो!" मराठीतच म्हणाल्या त्या. त्याला ते नीट समजलं.

आत भाजीचे चार क्रेट होते. त्यांत ओलं गोणपाट, आणि पाय चिकटपट्टीने शरीराशी बांधलेली चौदा कासवं. शेजारी नेलपॉलिशच्या सहा बाटल्या आणि नावांची यादी. खात्याची माणसं पुढे झाली, तेव्हा महाराज मागच्या दाराशी खडावा शोधत होते.

जबाब लिहून घेताना अधिकाऱ्याने निधीला विचारलं, "आपके यहाँ भी रखा था?"

"लिखिए," श्यामकांत म्हणाले. "मेरे घर, तीन दिन. नाम मेरा डालिए, बहू का नहीं." सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "निधी, मंगळवारी उपाशीपोटीच यायला सांगितलंय ना गं? सहा म्हणजे सहाला निघू."

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. नीट झालं.

त्या चौदा कासवांच्या रक्ताचे नमुने निधीच्या प्रयोगशाळेत गेले. नऊ वायव्येच्या रेताड माळावरची, पाच दक्षिणेची निघाली. त्यांना कुठेही सोडून चालत नाही. हजारो वर्षांत एका कुळाने तिथल्या उन्हाशी जमवून घेतलेलं असतं, दुसऱ्याने इथल्या पावसाशी. ती सरमिसळ झाली की दोघांचीही कमाई बुडते. म्हणून प्रत्येकाचा मुलूख शोधून काढावा लागतो, एकेकाच्या रक्तातून, महिनोन्‌महिने. ह्या कामाला कुणी पायघडी घालत नाही.

आणि वाचणाऱ्या ताई-दादांनो, नमस्कार करायला कुणाची हरकत नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर तो आधी हातात घ्या, उजेडात धरा, उलटून बघा. प्रश्न विचारल्यावर चिडेल, त्याच्यापाशी उत्तर नसतं. आणि जो डॉक्टरांची तारीख पुढे ढकलायला सांगेल, त्याच्या दारातून तुमचं माणूस हाताला धरून बाहेर काढा. अपमान झाला तरी चालेल. माणूस घरी येऊ दे.