बुजरा नवरदेव

घोडीवर बसवलं तेव्हाच अश्विनने खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. जेल रोडवरचं मंगल कार्यालय हाकेच्या अंतरावर होतं, पण गल्ली अरुंद. पुढे डीजेची गाडी, मागे सगळं वऱ्हाड आणि गच्च्यांवरून रोखलेले मोबाइल. घोटीच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतानाही तो फळ्याकडे तोंड करून बोलायचा.

"हस की जरा," गोटीराम मामा खालून म्हणाले. "नवरदेव आहेस, आरोपी नाहीस."

साखरपुड्यानंतर तृप्तीने फोनवर विचारलं होतं, "तुम्ही इतके शाय कसे?" तर तो त्या इंग्रजी शब्दाचीच कुळकथा सांगत बसला. जुन्या इंग्रजीत चटकन घाबरणाऱ्याला तसं म्हणत. घोडा दचकून बाजूला उडी घेतो, त्यालाही तिकडे अजून तोच शब्द आहे.

"मग आपल्याकडे काय वेगळं?" तृप्ती म्हणाली. "घोडा बुजतो, माणूस बुजरा असतो."

आजवर सगळे त्याला लाजाळू म्हणत आले होते. भीती वाटते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यात गल्लीत फटाक्यांची माळ तडतडली. घोडी दचकून भिंतीकडे सरकली, अश्विनचा गुडघा विटांवर खरचटला. घोडेवाल्याने लगाम आवळला. तिची मान थरथरत होती. पुढे गाडी, मागे माणसं. तिला हलायलाच जागा नव्हती.

"मामा, मला उतरवा."

"लाजतोय," मामा हसले आणि पुन्हा नाचू लागले.

"लाजत नाही, भितोय. ही पण भितेय."

डीजेत ते कुणाला ऐकू गेलं नाही. समोर कुणीतरी दुसरी माळ पसरत होतं. अश्विनने रिकिबीतून पाय काढला आणि खाली उडी टाकली. फेटा पडला, शेरवानी काखेत उसवली. डीजे थांबला. सगळे बघत राहिले.

"माळ उचला. वाट द्या हिला," तो म्हणाला. स्वतःचा एवढा मोठा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"लोक काय म्हणतील?" मामा पुटपुटले. पण लोक भिंतींना चिकटले आणि घोडेवाल्याने घोडी मागच्या मागे बाहेर काढली. अश्विन लंगडत चालत कार्यालयात पोहोचला.

तृप्तीच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "पडलात?" तिने हळूच विचारलं.

"नाही. उतरलो."

तिने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. तेवढ्यात माइकवरून दोघांची नावं पुकारली गेली. स्टेजसमोरच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. अश्विनला पुन्हा फळ्याकडे तोंड करावंसं वाटलं.