मिठाची डबी

आमच्या ह्यांना चव न घेताच पानातल्या पदार्थावर मीठ भुरभुरायची खोड. माझ्या हातचं असो की लग्नातलं, आधी डबी हातात! मी सांगून सांगून थकले.

काल लेकीने तिच्या तुर्की हॉटेलात जेवायला बोलावलं. भट्टीवरची मुख्य आचारी आहे ती.

"तिथे तरी माझी अब्रू राखा," मी दारातच बजावलं.

गरम कबाब आले, टम्म फुगलेली रोटी आली आणि ह्यांचा हात डबीकडे गेलाच. मी डोळे वटारले. तेवढ्यात भट्टीमागून लेक इकडेच बघताना दिसली.

हे डबी घेऊन उठले आणि शेजारच्या टेबलावर ठेवून आले.

"ठेवा तुम्हालाच," तिथल्या अनोळखी माणसांना मोठ्याने म्हणाले. "आम्हाला नाही लागायची. आमच्या मुलीने केलंय."