मांदेचा शिंपला

मी एक शिंपला. पोरं वाळूत वेचतात तसला नव्हे. ताटाएवढा, आतून सोनेरी. कुणीतरी कोरून माझी चंद्रकोर केली आणि मग मी हातोहात डोंगर चढत न्यू गिनीच्या या उंच खोऱ्यात आलो. इथल्या कुणी समुद्र पाहिलेला नाही, म्हणूनच बहुधा माझं एवढं कौतुक. मला झाडाच्या वाळलेल्या राळेच्या फळीवर बसवलं, फळीला गेरू फासला. ज्याच्या छातीवर मी, तो माणूस मोठा.

पण मला घरात दाबून ठेवणाऱ्याला इथे कुणी विचारत नाही. आलेला शिंपला पुढच्या गावाला देऊन टाकायचा, तेव्हा नाव होतं. माणसांची ही तऱ्हा मला कधी कळली नाही.

मांदे नावाच्या पोरीला पुकलची मागणी आली तेव्हा त्याच्या घरच्यांनी मला तिच्या बापाच्या, रोल्तिंगाच्या हाती दिलं. लग्नाच्या सकाळी मांदे मला डुकराची चरबी चोळून चकाकवत बसली होती.

"बा, हा माझाच ना?"

"तुझा कसला? तुझ्या बदल्यात आलाय, म्हंजे माझा!"

सगळे हसले. तीही हसली. पोरगी नांदली नाही तर मला परत करायचं आणि तिला मोकळी करायची, एवढा साधा नियम होता. तो बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढे सुरूच्या झाडांखालच्या मैदानावर देण्याघेण्याचा मोठा सोहळा झाला. रोल्तिंगाने मला नदीपलीकडच्या कुरुपाला देऊन टाकलं. पिसांचा तुरा हलवत त्याने असं भाषण ठोकलं की लोक आठवडाभर तेच बोलत होते.

एक दिवस रोल्तिंगा कुरुपाच्या दारात आला. मागे मांदे होती, डावा हात झाडाच्या सालीने बांधलेला. पुकलने मोडला होता. बायकांनी पुरुषांच्या घरात यायचं नाही, म्हणून ती बाहेर डुकरांपाशी बसली. तो मला परत मागायला आला होता. मी मनात म्हटलं, सुटली पोरगी.

कुरुपाने त्याला भाजलेली रताळी दिली आणि आढ्यावरून मला काढून समोर ठेवलं.

"बघ, कसा जपलाय! काय दिलंस गड्या! आमच्या गावात पोरंसुद्धा तुझं नाव घेतात."

रोल्तिंगाने तोंड उघडलं. मग रताळं तोंडात घातलं.

"काही काम होतं का रे?" कुरुपाने विचारलं. "लाजू नको."

"छे! सहज आलो होतो."

तो दाराबाहेर पडताच मांदे उठून उभी राहिली. "बा, विचारलंस?"

"विचारलं," तो हळूच म्हणाला. " देत नाही म्हणतो. तू जा बाई सासरी, मी पुकलला समजावतो."

हे मी ऐकलं. फळीवर जखडलेला शिंपला दुसरं काय करणार? दिलेला शिंपला परत मागितला तर चारचौघांत नाक कापलं जातं, एवढीच रोल्तिंगाला भीती होती. मांदेने पाठीवरच्या रिकाम्या पिशवीचा पट्टा कपाळाला अडकवला आणि निघाली. पाऊस ओसरल्यावर ती नदीत सापडली.

मेलेल्या बाईची भरपाई सासरच्यांना तिच्या माहेरी द्यावीच लागते. तोवर कुरुपाने मला पुढे दिलं होतं आणि फिरत फिरत मी पुकलच्याच घरी पोचलो होतो. मांदेच्या मरणाची भरपाई म्हणून त्यांनी सगळ्यांच्या पुढे मला ठेवलं. त्याच मैदानावर रोल्तिंगाने मला पुन्हा छातीवर बांधलं. मोठ्या माणसाला तसं करावंच लागतं.

मांदेची आई, कोपिल, अंगभर सुतकाचा चिखल माखून बसली होती. पाहुण्यांत कुरुपा दिसताच ती उठली.

"माझ्या लेकीसाठी एक शिंपला सुटला नाही तुझ्या हातनं?"

कुरुपा गोंधळला. "वहिनी, मागितला कुणी? मागितला असता तर तिथल्या तिथं दिला असता."

कोपिल नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. जन्मभर 'अहो' म्हणणारी ती बाई म्हणाली, "तू मागितलाच नव्हतास?"

तो माझी दोरी नीट करू लागला. तिने मूठभर चिखल उचलला आणि माझ्यावर फासला.

"मिरव आता," ती म्हणाली.

त्यानंतर रोल्तिंगाने मला पुढे द्यायचा प्रयत्न केला. सुतकाचा चिखल पुसायला कुणी धजेना, मला कुणी घेतलं नाही. मग गोऱ्या लोकांच्या विमानांतून पोतीच्या पोती शिंपले आले आणि आमची किंमतच उरली नाही. पोरं आता शिंपल्याने रताळी सोलतात. मी धुरकटलेल्या आढ्याला लटकतो आहे. खाली म्हातारा एकटाच जेवतो आणि वर बघत नाही.

उद्या जुन्या वस्तू जमवणारा कुणी हौशी माणूस येईल, मला उतरवेल, लख्ख करायला चरबी आणेल. मला हात असते तर मी जोडले असते. बाबांनो, मला पुसू नका. या वाळलेल्या चिखलात कोपिलची पाचही बोटं उमटलेली आहेत.