पुसलेलं गाऱ्हाणं

फाइल इथे ठेवली की तिथे उगवते, याचं सुलक्षणाला अजूनही नवल वाटायचं, पगार त्याच कामाचा मिळत असला तरी. अंधेरीच्या ऑफिसात तिच्या टेबलावर तीन मशीन होती: एक विंडोज, एक मॅक, एक लिनक्स. एका स्वयंपाकघरातल्या तीन जावाच जणू. प्रत्येकीची शिस्त वेगळी, एकीचं दुसरीला पटायचं नाही. तरी एकीच्या फोल्डरात काही टाकलं की उरलेल्या दोघींकडे ते निमूट हजर. हे जुळवून आणणारं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं होतं आणि ते कुठे फसतं हे शोधणं तिचं काम. ते फसावं म्हणून ती दिवसभर धडपडायची आणि फसलं नाही की मनातल्या मनात हात जोडायची.

"खऱ्या घरातला पसारा टाकल्याशिवाय टेस्टिंग कसलं?" हे तिचं लाडकं मत. शेजारी बसणारा यज्ञेश कितीदा म्हणाला होता, "सुलू, घरचं काही नको टाकूस यार, एक दिवस वाट लागेल." ऐकेल तर शपथ. तिने नाहूरच्या घरचा जुना लॅपटॉप चौथं मशीन म्हणून जोडून टाकला होता, आणि त्यातला 'गणपती' नावाचा फोल्डरसुद्धा.

त्या फोल्डरात सणाच्या फोटोंबरोबर बाबांचं गाऱ्हाणं होतं. दर चतुर्थीला बाबा गणपतीसमोर उभे राहून अख्ख्या घराच्या वतीने देवाशी मालवणीत बोलायचे आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला घरचे "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायचे. गेल्या वर्षी सण झाल्यावर घशाचं ऑपरेशन झालं आणि बाबांचा आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्या भावाने, निलेशने, त्यांच्याकडून गाऱ्हाणं म्हणवून फोनवर उतरवून घेतलं होतं. तो फोन पुढे बदलला. राहिली ती लॅपटॉपवरची फाइल.

शुक्रवारी दुपारी सुलक्षणाने पुसण्याची टेस्ट घेतली. लिनक्सवरून एक फोल्डर पुसला. विंडोजवरून गेला, मॅकवरूनही गेला. झकास! तिने 'पास' लिहिलं, चहाचा घोट घेतला, आणि मग तिच्या लक्षात आलं की पुसलेला फोल्डर कुठला होता. पुसलेलं काही मागे शिल्लक राहू नये, ही सोयही टेस्टसाठी तिनेच केली होती.

आता आवाज उरला होता फक्त घरच्या लॅपटॉपवर. तो कपाटात बंद होता म्हणून बरं. इंटरनेट मिळालं की तोही आज्ञाधारकपणे फोल्डर पुसून मोकळा होणार. आज निलेश रजेवर घरीच होता, पण फोन उचलेना. ती तशीच निघाली. मेट्रोने घाटकोपर आणि तिथून नाहूर, सगळा रस्ता ती एकच नंबर फिरवत होती.

दार उघडलं तर बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, आणि भिंतीवर वायफायचा दिवा लुकलुकत होता.

"बंद कर रे ते वायफाय!" ती किंचाळली.

निलेशने घाबरून प्लग उपटला. "काय झालं गं? बाबांना काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून मीच चालू केलं ना!"

उशीर झाला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'सगळं जुळलं' असं आलं होतं. त्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक? तिला रडूच फुटलं. तरी मन घट्ट करून तिने फोल्डर उघडला. फोटो गेले होते. गाऱ्हाणं मात्र होतं, आणि त्यावर तारीख कालची होती.

तेवढ्यात यज्ञेशचा फोन आला. "अगं, तू काही केलंस का? इथे तिन्ही मशीनवर एक फाइल परत आलीये. गाऱ्हाणं!"

आता तिला उलगडलं. एकीकडे पुसलेल्या फाइलवर दुसरीकडे कुणी शेवटचं जुळल्यानंतर काही काम केलं असेल, तर ते काम राखायचं, फाइल सगळीकडे परत न्यायची, असा त्या सॉफ्टवेअरचा नियम होता. हा नियम तिने स्वतः कितीदा तपासला होता, कसल्याबसल्या फाइली घेऊन, जांभया देत.

पण काम कुणी केलं? मुलं ऑफिसला गेली की बाबा घरातलं एकूण एक बटण बंद करायचे, वायफायचंसुद्धा. मग सगळी दुपार ते या लॅपटॉपवर बसत असणार, आणि तिथलं काही बाहेर कळायची सोयच नव्हती. आवाज कापायचा-जोडायचा कसा, हे निलेशने त्यांना एकदा दाखवलं होतं.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

बाबांनी फाइल चालू केली.

"बा देवा म्हाराजा, वर्साप्रमाणे लेकरांनी तुझी सेवा केलेली आसा, ती मान्य करून घी म्हाराजा..."

आणि शांतता. फाइल बिघडली की काय, म्हणून सुलक्षणा पुढे झाली. ऑपरेशनच्या धास्तीने बाबांनी त्या दिवशी सगळं एका दमात उरकलं होतं, मध्ये कुठे थांबलेच नव्हते. बाबांनी तिचा हात अडवला. दोघांकडे वैतागून बघत, दर वर्षी करायचे तसा तळवा वर उचलला: बोला की!

ती जागा त्यांनी या दोघांसाठी ठेवली होती.

"व्हय म्हाराजा!" दोघं म्हणाली.

आणि बाबांचा आवाज पुढचं वाक्य बोलू लागला.